चांदीच्या तबकातले वैराग्य

सतराव्या शतकाच्या मध्यावर हॉलंड आणि फ्लँडर्समध्ये वैभवी स्थिरचित्रांना बहर आला. या चित्रांत माणूस सहसा नसतो. मेज असते, त्यावर गडद मखमल किंवा इराणी गालिचा ओढलेला असतो. चांदीची तबके, शिंपल्याला सोन्याची बैठक देऊन घडवलेले चषक, चिनी मातीचे निळे-पांढरे वाडगे, अर्धे सोललेले लिंबू, फुटलेले डाळिंब, लालभडक शेवंड, उघडलेली कालवे, दव पडल्यासारखी द्राक्षे अशी रास त्यावर रचलेली असते. या राशीच्या कडेला पुष्कळदा निळ्या फितीचे एक खिशातले घड्याळ उघडे पडलेले दिसते. पाहणाऱ्याला मोह पडावा असे हे सगळे रंगवलेले असते, आणि घड्याळ त्याच पाहणाऱ्याला सांगत असते की यातले काहीही टिकणार नाही. या चित्रप्रकाराच्या पोटातला धर्मप्रश्न येथून निघतो. ऐश्वर्य अधिकाधिक सुंदर रंगवून ऐश्वर्याची नश्वरता शिकवता येते का? की वैराग्याचे नाव पुढे करून भोगालाच भिंतीवर मानाची जागा दिली जाते?

हा प्रकार उगवला तो एका धार्मिक उलथापालथीतून. १५६६ मध्ये नेदरलँड्सच्या अनेक शहरांत सुधारणावादी जमावांनी चर्चमधल्या मूर्ती आणि वेदीवरची चित्रे फोडली. पुढे उत्तरेकडच्या प्रांतांत कॅल्विनपंथ स्थिरावला, तेव्हा चर्चच्या भिंती पांढऱ्या चुन्याने रंगवल्या गेल्या आणि संतांची चित्रे काढणाऱ्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. चित्रकार घरांकडे वळले. व्यापाऱ्याच्या बैठकीत येशूच्या क्रूसारोहणाऐवजी फुलांचा गुच्छ, मासळी, न्याहारीचे मेज दिसू लागले. हार्लेम शहरात पीटर क्लास आणि विलेम हेडा यांनी आधी तपकिरी-करड्या मोजक्या रंगांत साधी जेवणे रंगवली. क्लासच्या १६२७ च्या एका प्रसिद्ध चित्रात टर्कीच्या पिसांनी सजवलेली मोठी पाय (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) आहे, शिंपल्याचा चषक आहे आणि पंचांगाच्या जुन्या पानाची पुडी वळून तिच्यात मिरी ठेवली आहे. संपलेल्या वर्षाचे पंचांग पुडीला लागते, हे दृश्य वाण्याच्या दुकानाशी परिचय असलेल्या कोणालाही लगेच कळेल. काळाविषयी क्लासला जे म्हणायचे होते ते त्या पुडीत आले आहे.

दक्षिणेकडे, कॅथलिक राहिलेल्या अँटवर्पमध्ये, हात अधिक सैल होता. फ्रान्स स्नायडर्स आणि आड्रियन फान उट्रेख्ट यांनी शिकार, फळे आणि मासळी यांचे भिंतभर पट रंगवले. फान उट्रेख्टच्या १६४४ च्या मेजवानीच्या चित्राची रुंदी अडीच मीटरच्या घरात आहे. यान डाव्हिड्झ डे हेम (१६०६–१६८४) उट्रेख्टमध्ये जन्मला, लायडनमध्ये राहिला आणि १६३० नंतरच्या दशकात अँटवर्पला गेला. त्याच्या हाती उत्तरेची संयत नजर आणि दक्षिणेची श्रीमंती एकत्र आली. १६४० मध्ये त्याने रंगवलेले फळफळावळीचे मेज पुढे चौदाव्या लुईच्या संग्रहात गेले आणि आज लूव्रमध्ये आहे. त्यानंतरच्या पिढीत ॲमस्टरडॅमच्या विलेम काल्फने (१६१९–१६९३) रास कमी केली आणि अंधार वाढवला. काळ्या पार्श्वभूमीवर चारसहाच वस्तू, पण प्रत्येकीवर प्रकाश असा पडलेला की पाहणाऱ्याचा हात आपोआप पुढे व्हावा.

त्या काळच्या कलाविचारात मात्र या चित्रकारांना मान नव्हता. सॅम्युएल फान होखस्ट्राटन याने १६७८ च्या ग्रंथात त्यांची गणना कलेच्या सैन्यातल्या साध्या शिपायांत केली. पुराणकथा आणि इतिहास रंगवणारे सेनापती. ताट-वाटी रंगवणारे खालच्या पायरीवर. गिऱ्हाईक तरीही ताट-वाटीच मागत होते.

मेजावरच्या वस्तू आल्या कुठून, हा प्रश्न या चित्रांच्या अर्थाशी थेट जोडलेला आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली. चिनी मातीची भांडी, मिरी, जायफळ, हिंदी महासागरातले शंख-शिंपले या कंपनीच्या जहाजांतून ॲमस्टरडॅमला उतरत. तिची एक मोठी वखार सुरतेत होती आणि १६३७ पासून कोकणात वेंगुर्ल्यालाही होती. सुरतेच्या व्यापाराची पाळेमुळे आत, बुऱ्हाणपूरपर्यंत पोचलेली होती. खानदेश आणि वऱ्हाड या कापूस पिकवणाऱ्या मुलखाचे ते मोठे पेठेचे शहर. तिथल्या तलम कापडाचे वर्णन ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने केले आहे. बुऱ्हाणपूरहून वऱ्हाडात उतरणाऱ्या मोगली हालचालींच्या वाटेवर बाळापूर होते.

बाळापूरचा या विषयाशी संबंध केवळ वाटेपुरता नाही. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर, बाळादेवीच्या ठाण्याशी वसलेले हे गाव १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेल्यावर महत्त्वाला चढले. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बाळापूरची जी नोंद केली आहे, ती वैभवी स्थिरचित्रांच्या अभ्यासकाने लक्ष देऊन वाचावी अशी आहे. बाळापूरजवळ दोन प्रवाह आहेत, त्यांच्या काठी नाना प्रकारचे सुंदर दगड सापडतात, ते पैलू पाडून अपूर्वाईच्या वस्तू म्हणून जपले जातात, असे तो सांगतो. युरोपात त्याच काळात श्रीमंतांच्या घरी नवलवस्तूंची दालने तयार होत होती. दूरदेशीचा शंख, पोवळे, जंगली शहामृगाचे अंडे, रंगीत दगड आणून तिथे मांडत आणि त्याच वस्तू चित्रकाराच्या मेजावर येत. निसर्गात फुकट पडलेला दगड कोणी उचलावा, घासावा, आणि त्याला मोल यावे, ही क्रिया मन नदीच्या काठी आणि ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी सारखीच चालू होती.

त्याच नोंदीत पुढे शाहपूर येते. बाळापूरपासून सहा कोसांवर अकबराचा मुलगा शाहजादा मुराद याची छावणी होती आणि तिचेच शाहपूर नावाचे देखणे शहर झाले, असे अबुल फजल लिहितो. दख्खन जिंकायला आलेला हा राजपुत्र १५९९ मध्ये, वयाची तिशी गाठण्याआधी, अतिमद्यपानाने मेला. शहरही टिकले नाही. मद्याचा चषक, तरुण वय, दरबारी थाट आणि अचानक मृत्यू हे डच चित्रकाराला लागणारे सगळे साहित्य वऱ्हाडात खरोखरीच एका आयुष्यात एकत्र आले होते. पुढच्या पिढ्यांत मोगल दरबारात वस्तूच्या सौंदर्याची जाण आणखी सूक्ष्म झाली. मन्सूरने जहांगीरसाठी फुले आणि प्राणी एकेकटे, जणू त्यांची तसबीर काढावी तसे रंगवले. शाहजहानचा पांढऱ्या जेडचा मद्यचषक १६५७ चा आहे. खाली कमळ, वर भोपळ्याचा आकार, मुठीला बोकडाचे मस्तक असा तो घडवला आहे, आणि काल्फच्या मेजावर तो सहज शोभला असता. देवाणघेवाण एकाच दिशेने होत नव्हती. मोगल चित्रे हॉलंडला पोचली होती आणि रेम्ब्रांटने १६५६ नंतरच्या काही वर्षांत त्यांवरून वीसहून अधिक रेखाटने केली.

बाळापूरला मन नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी काळ्या दगडाची छत्री आहे. पुरंदरच्या तहामुळे हे नाव मराठी वाचकाला शिकवावे लागत नाही. १६६५ मध्ये तह झाला आणि १६६७ मध्ये जयसिंग बुऱ्हाणपूरला वारले. काल्फचे शिंपल्याच्या चषकाचे सर्वांत गाजलेले चित्र १६६२ चे. छत्रीच्या कमानींवरची नाजूक कोरीव घडण आणि चषकावरची सोनेरी घडण यांचा काळ एकच, आणि दोहोंच्या मागे उभी असलेली जाणीवही फारशी वेगळी नाही. सत्ता हातात आहे तोवर ती देखणी असावी.

आता मूळ प्रश्नाकडे. या चित्रांचा धार्मिक अर्थ लावणारे बायबलच्या जुन्या करारातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकापासून सुरुवात करतात. सूर्याखालचे सर्व काही व्यर्थ आहे, हा त्या पुस्तकाचा गाभा. लायडन या विद्यापीठाच्या गावात कवटी, विझलेला दिवा, पुस्तके, वाद्य आणि शंख अशी मांडणी असलेली चित्रे १६२० पासून निघू लागली. हार्मन स्टेनवाइकचे १६४० च्या सुमाराचे चित्र घेतले तर त्यात जपानी तलवार आहे, शंख आहे, आणि तिरप्या प्रकाशाचा झोत थेट कवटीवर पडतो. शंख म्हणजे संपत्ती, तलवार म्हणजे पराक्रम, पुस्तक म्हणजे विद्या. तिन्ही मरणापुढे निष्फळ. येथे उपदेश स्पष्ट आहे. वैभवी चित्रांत तो लपलेला असतो. लिंबू दिसायला सुंदर आणि आत आंबट, म्हणून ते फसव्या सुखाचे चिन्ह. काच नाजूक, म्हणून आयुष्याचे. अर्धवट खाल्लेली पाय म्हणजे मध्येच तुटलेला भोग.

विसाव्या शतकात या वाचनावर मोठा वाद झाला. एडी डे योंग या डच अभ्यासकाने त्या काळच्या बोधचित्रांच्या पुस्तकांशी ताडून पाहत चित्रांतल्या वस्तूंचे नैतिक अर्थ मांडले. स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ च्या ग्रंथात उलट बाजू घेतली: डच चित्रकला ही वर्णनाची कला आहे, भिंग आणि नकाशा यांच्या जगातली आहे, आणि दिसणाऱ्या पृष्ठभागाखाली दडलेला उपदेश शोधत बसणे हा तिच्यावर अन्याय आहे. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण श्रद्धेचा प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो. कारण घड्याळ हे चिन्ह आहे असे मानले तरी तेच घड्याळ चांदीचे, महागडे, कारागिरीने नटलेले असते. मृत्यूची आठवण देणारी वस्तूही विकत घेण्याजोगी. उपदेश त्याच सोन्याने मढवला असेल, तर उपदेशाला बळ कुठून यायचे?

कॅथलिक चित्रकारांकडे यावर काही उत्तरे होती. डे हेमने १६४८ मध्ये एक विलक्षण चित्र केले. मध्यभागी ख्रिस्तप्रसादाची भाकर आणि चषक, आणि सभोवती फळांचा, द्राक्षांचा, गव्हाच्या ओंब्यांचा भरगच्च हार. एरवी त्याच्या मेजांवर भोगासाठी असणारी द्राक्षे येथे यज्ञाची झाली. फळ तेच, हात तोच. फक्त मधली जागा कोणाची हे बदलले. स्पेनमध्ये याहून कठोर वाट निघाली. हुआन सांचेझ कोटान याने एका रिकाम्या खिडकीत दोरीला टांगलेले फळ आणि पानकोबी, खाली चिरलेले खरबूज आणि काकडी एवढेच रंगवले. उरलेला अर्धा पट निव्वळ काळा. १६०३ मध्ये तो मांस वर्ज्य करणाऱ्या कार्थुसियन मठात दाखल झाला. त्याच्या भाज्यांकडे पाहताना भूक लागत नाही. त्या कोणाच्यातरी आज्ञेने हवेत थांबल्यासारख्या वाटतात. सेव्हिलमध्ये मिगेल मान्यारा या धनिकाने पत्नीच्या मृत्यूनंतर निराधारांची सेवा आणि बेवारसांची प्रेते पुरणे हे व्रत घेतलेल्या बंधुसंघात प्रवेश केला आणि त्यांच्या चर्चच्या दाराशी वाल्देस लेआलकडून १६७० ते १६७२ या काळात दोन भयानक चित्रे करवून घेतली. त्यांत राजमुकुट, चिलखते आणि ग्रंथ पायदळी तुडवणारा मृत्यू आहे, आणि शवपेटीत कुजणारा धर्मगुरू आहे. पण आत शिरल्यावर भिंतीवर मुरियोची दयाकर्माची चित्रे लागतात. मान्याराने नश्वरतेचे चित्र दारात ठेवले आणि पुढचे पाऊल कोणते हेही दाखवले. डच मेजाकडे हे पुढचे पाऊल नाही.

काल्फविषयी जर्मन कवी गटेने १७९७ मध्ये एक मार्मिक विचार नोंदवला. खरी सोन्याची भांडी आणि त्यांचे काल्फने केलेले चित्र यांतून निवड करायची तर आपण चित्र घेऊ, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे आहे. यात या कलेचे सर्वांत मोठे समर्थन आहे. चित्रातले लिंबू कोणी पिळू शकत नाही, चषक कोणी ओठाला लावू शकत नाही. पाहण्याचे सुख आणि बाळगण्याचे सुख यांची गाठ येथे सुटते. डोळा तृप्त होतो आणि हात रिकामा राहतो. भारतीय परिभाषेत बोलायचे तर ही साक्षीभावाची एक तालीम आहे. विषय समोर आहे, त्याचे गुण अणुरेणूपर्यंत दिसत आहेत, आणि भोक्ता मात्र मेजावर नाही. साध्या काचेच्या पेल्याकडे इतक्या आदराने पाहण्याची सवय जिने लावली त्या कलेला निव्वळ श्रीमंती चोचला म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तरीही हे समर्थन पुरे पडत नाही. चित्र स्वतःही मालमत्ताच होते. ज्याच्या घरी खरी तबके होती त्याच्याच घरी तबकांचे चित्र टांगले जाई. शिवाय या चित्रांत एक मोठी अनुपस्थिती आहे. जायफळ आणि मिरी मेजावर येण्याआधी ज्या हातांतून गेली ते हात कुठेच दिसत नाहीत. जायफळाच्या बांदा बेटांवर १६२१ मध्ये यान पीटरझून कून याच्या फौजेने तिथल्या बहुसंख्य लोकांना ठार केले, हाकलले किंवा गुलाम केले. वैभव नश्वर आहे ही शिकवण ते वैभव बाळगणाऱ्याच्या आत्म्याची काळजी करते. ते ज्यांच्याकडून आले त्यांची करत नाही. धर्मविचार म्हणून या चित्रांची सर्वांत उणी बाजू ही आहे. चित्रातल्या कवटीपेक्षा चित्रात नसलेला माणूस अधिक प्रश्न विचारतो.

महाराष्ट्रात नेमक्या त्याच काळात हा प्रश्न वेगळ्या साधनांनी हाताळला जात होता. समर्थ रामदास (१६०८–१६८१) आणि डे हेम हे जवळजवळ वर्षावर्षाने समकालीन. ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात मृत्युनिरूपणाचा एक अख्खा समास आहे. राजा, पंडित, शूर, धनिक, रूपवान यांची लांबच लांब यादी देऊन मृत्यू कोणालाच वगळत नाही हे समर्थ सांगतात. यादीची ही पद्धत डच मेजाशी जुळते. तिथे वस्तूंची रास, येथे मानमरातबांची. पण समर्थ यादीवर थांबत नाहीत. प्रपंच सोडा असेही ते म्हणत नाहीत. तो नीट करा, जागे राहून करा, असा त्यांचा आग्रह. बाळापूरला ही परंपरा जिवंत होती. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ या १९३९ च्या ग्रंथात बाळापूरचे बाळकृष्णबुवा रामदासी पत्नीसह दरवर्षी सज्जनगडाच्या वारीला जात, असे वर्णन आले आहे.

चित्ररूपात नव्हे, पण मांडणीच्या रूपात वऱ्हाडाकडे स्वतःचे स्थिरचित्र आहे. ते म्हणजे नैवेद्याचे पान. पाण्याने चौकोन काढून त्यावर पान ठेवायचे. वरच्या टोकाला मीठ आणि लिंबाची फोड, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधोमध भाताची मूद, त्यावर वरण आणि तुपाची धार, शेजारी पुरणपोळी. कोणता पदार्थ कुठे, हे ठरलेले आहे. रंग, उंची, ओले-कोरडे यांचा तोल पिढ्यान्पिढ्या जमवलेला आहे. अन्नकोटाच्या दिवशी याच मांडणीचा डोंगर होतो. हे वैभव दाखवण्यासाठीच असते, पण पाहणारा देव असतो आणि दाखवून झाल्याबरोबर ते मोडायचे असते. नैवेद्य दाखवला, पाणी फिरवले, की प्रसाद वाटला गेलाच पाहिजे. न वाटलेला नैवेद्य अपुरा. गावच्या सप्ताहाची सांगता ज्या काल्याने होते त्यात तर सगळे पदार्थ मुद्दाम एकमेकांत मिसळून टाकतात. लाह्या, दही, लोणचे, कोणाच्या घरचे काय हे ओळखू येऊ नये असा तो कालवलेला घास, सर्वांनी सारखा घ्यायचा.

यामागे एक स्पष्ट तत्त्वज्ञान आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञातून उरलेले खाणाऱ्याला पापमुक्त म्हटले आहे आणि फक्त स्वतःसाठी शिजवणाऱ्याला पाप खाणारा. म्हणजे उरलेले अन्न हे दोन्ही परंपरांत चिंतनाचा विषय आहे. क्लास आणि हेडा यांच्या मेजावर अर्धी खाल्लेली पाय, कलंडलेला पेला, चुरगळलेला रुमाल उरतो. त्या उरण्यात मरणाची आठवण आहे. गीतेच्या उरण्यात दुसऱ्याचा वाटा आधी दिला गेल्याची खूण आहे. एकीकडे उरते कारण खाणारा गेला; दुसरीकडे उरते कारण देणाऱ्याने दिले. मृत्यूविषयी दोघांचेही म्हणणे एकच. संपत्तीविषयी मात्र दोघांचे म्हणणे पूर्ण वेगळे होते.

बाळापूरच्या शेजारचे शेगाव या संदर्भात फार महत्त्वाचे आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले ते देविदास पातूरकर यांच्या घराबाहेर, जेवणावळीनंतर फेकलेल्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. बंकटलाल अग्रवाल यांनी आतून भरलेले ताट आणवले, तेव्हा महाराजांनी त्यातली सारी पक्वान्ने एकत्र कालवून खाल्ली, अशी ‘गजानन विजया’तली कथा आहे. मांडलेल्या ताटाचे त्यांनी जे केले तो कालाच होता. त्याच ग्रंथातली दुसरी कथा एका तरुण भक्ताची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कांदा, मिरची असा नैवेद्य घेऊन तो निघाला, गाडी चुकली, आणि पोचायला दुपार उलटली. समोर श्रीमंतांची पक्वान्ने आलेली असताना महाराज त्या भाकरीची वाट पाहत जेवायचे थांबले. अन्नाचे मोल त्याच्या दिसण्यावरून ठरत नाही, ते कोणाच्या हातून कोणत्या भावाने आले यावरून ठरते, हा या कथेचा रोख. आणि डच मेजावरून नेमका तोच, आणणारा हात, पुसलेला असतो.

महानुभाव पंथ हा दृष्टान्त थोडा अवघड करून ठेवतो, आणि म्हणून त्याचा विचार करायला हवा. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे या पंथाचे महास्थान. तिथल्या विचारात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने सांगितली आहेत. यातला प्रसाद म्हणजे अवतारांच्या स्पर्शाने पुनीत झालेल्या वस्तू. त्या खाऊन संपवायच्या नसतात, जपायच्या असतात. म्हणजे वऱ्हाडात वस्तू नेहमी वाटूनच टाकावी असेही नाही. पण जपणाऱ्याचे नाते मालकीचे नाही. कडक अपरिग्रह पाळणारा भिक्षू तो वस्तुखंड सांभाळतो. त्या वस्तूची किंमत बाजारात शून्य आणि भक्तासाठी अमोल असते. शिंपल्याचा चषक जपणारा व्यापारी आणि प्रसाद जपणारा महानुभाव हे दोघेही वस्तूपुढे आदराने उभे राहतात. एक म्हणतो ही माझी. दुसरा म्हणतो, मी हिचा.

विसाव्या शतकात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) या विचाराला सर्वांत धारदार रूप दिले. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या या परीट घरातल्या माणसाजवळ मातीचे एक फुटके गाडगे होते. जेवायचे भांडे तेच आणि डोक्यावरचे शिरस्त्राणही तेच. ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी लोकांची सेवा केली. कर्ज काढून घातलेल्या जेवणावळी, देवापुढे कापलेले बकरे, दारू, दागिने यांवर ते कीर्तनातून तुटून पडत. जेवायचे ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, असा त्यांचा उपदेश अजून लोकांच्या तोंडी आहे. ताट हे येथे नश्वरतेचे चिन्ह नाही. ते विकता येते, त्याचे पैसे होतात, पैशांची पाटी-पेन्सिल होते. वस्तू चांगली की वाईट हा प्रश्नच गाडगेबाबा विचारत नाहीत. तिचे पुढे काय झाले एवढेच विचारतात.

या कसोटीवर वैभवी स्थिरचित्रे निकालात काढावीत असे नाही. त्यांची मर्यादा मात्र तिच्यामुळे नेमकी दिसते. चित्र वस्तूला थांबवते. चित्रकलेचे सामर्थ्यच ते आहे. लिंबाची साल सोलताना जिथे थांबली तिथे ती साडेतीनशे वर्षे लोंबकळते आहे. थांबवलेली वस्तू डोळ्याला सत्य दाखवू शकते, पण ती कोणाच्या मुखी पडू शकत नाही. म्हणून या चित्रांतला वैराग्याचा उपदेश कधीच खरा लागू पडला नाही, आणि पाहण्याचा संस्कार मात्र खोल रुजला. त्यांना प्रवचन म्हणून वाचणाऱ्याची निराशा होते. त्यांच्याकडे एकाग्रतेची साधना म्हणून पाहणाऱ्याच्या हाती काही लागते. डे हेमचा १६४८ चा हार याला सन्माननीय अपवाद आहे. तिथे फळे अशा अन्नाभोवती गुंफली आहेत जे वाटण्यासाठीच आहे, आणि त्यामुळे त्यांच्या सौंदर्यावर वेगळा पहारा बसवावा लागलेला नाही.

१६७२ मध्ये फ्रान्सने हॉलंडवर स्वारी केली, चित्रांचा बाजार कोसळला आणि या प्रकाराचा भर ओसरला. राखेल राउइश (१६६४–१७५०) हिने फुलांची परंपरा पुढच्या शतकात नेली. फ्रान्समध्ये शार्दँने तांब्याची भांडी आणि पाव रंगवून चांदीला रजा दिली. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधून पाश्चात्य स्थिरचित्र मराठी विद्यार्थ्यांपर्यंत पोचले ते अभ्यासाचा विषय म्हणून. आज ते महाराष्ट्राच्या शासकीय रेखाकला परीक्षेत आहे. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. अकोला-बुलढाण्यातली शाळकरी मुले दरवर्षी घडी पाडलेल्या कापडावरचा तांब्या, वांगी किंवा केळी रंगवतात. गुण मिळतात ते आकार, मांडणी, छाया-प्रकाश आणि रंगलेपनाला. घड्याळ किंवा कवटी मांडलेली नसते. पेपर संपला की तांब्या पुन्हा पाण्यासाठी वापरात येतो आणि फळे वाटून खाल्ली जातात.